चैत्रातले सहा दिवस

पहाटे ५.४५

ठाण्यात अजून अंधार असतो तेव्हा अंदमानात कामं सुरू झालेली असतात. घड्याळ दोन्हीकडे एकच. पण ती बेटं आपल्यापासून जवळजवळ वीस अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य तिथे सव्वा तासाहून जास्त आधी उगवतो. त्यामुळे माझ्या तांडेलाचा फोन नेहमी याच वेळी येतो. तो मायाबंदरकडचा, करेन समाजाचा. त्याचे पूर्वज १९२०च्या दशकात ब्रह्मदेशातून मध्य अंदमानात आणून वसवले गेले. लाकूडकाम आणि समुद्र, दोन्हींत हे लोक मुरलेले. आमचं बोलणं हिंदीत होतं आणि कामापुरतंच होतं.

सप्टेंबर आहे, बोट अजून किनाऱ्यावर ओढून ठेवलेली आहे. इंजिनांचं काम निम्मं झालंय, तळाला रंग लावायचा आहे. मी त्याला एकच प्रश्न विचारतो: मार्चअखेर पूर्वेकडच्या खडकांवर जाता येईल का? तो म्हणतो, तेव्हा वारा पडलेला असतो, जाता येईल. पण तारीख चंद्र बघून दे. मासे गरवायला नेणारे सगळेच काही हे विचारत नाहीत. माझं काम मात्र इथून सुरू होतं. गिऱ्हाइकाची रजा, विमानाचं तिकीट, खोलीचं भाडं हे सगळं नंतर येतं.

सकाळी ६.३०

चहाबरोबर हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचं पत्रक. सध्या एकही बोट पाण्यात नाही, तरी हे रोज वाचतो. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर चक्रीवादळांचा काळ. नंतर जानेवारीपर्यंत ईशान्येचा वारा बेटांच्या पूर्व बाजूला झोडपतो. समुद्र खरा उघडतो तो फेब्रुवारीत, आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात नैऋत्य मोसमी वारे देशात सर्वांत आधी तिथेच पोचतात. शिवाय १५ एप्रिल ते १४ जून पूर्व किनारा आणि अंदमान-निकोबारमध्ये यंत्रबोटींच्या मासेमारीला बंदी असते. ती धंद्याच्या मासेमारीसाठी आहे, आपण हौसेने जातो, असा युक्तिवाद मला दर वर्षी कुणीतरी ऐकवतो. पोटासाठी मासे मारणारा माणूस ज्या दिवसांत बोट बांधून ठेवतो, त्या दिवसांत मी हौशी लोकांना घेऊन जात नाही.

म्हणजे माझ्या हाती वर्षातले जेमतेम अडीच महिने राहतात. त्यातही भरती-ओहोटीला जोर असलेले दिवस निम्मेच.

सकाळी ८.००

पुण्याच्या चार मित्रांचा एकत्र फोन. दोघे सॉफ्टवेअरमध्ये, एक दंतवैद्य, एक सीए. चौघांनी मिळून ‘ब्लू प्लॅनेट २’ पाहिलंय, आणि त्यातला पाण्याबाहेर झेप घेऊन उडता पक्षी गिळणारा मासा त्यांच्या डोक्यातून जात नाही. तो मासा जायंट ट्रेव्हली, सगळे त्याला जीटी म्हणतात. मी आधी स्पष्ट करतो की ते चित्रीकरण सेशेल्सच्या फारकर या प्रवाळद्वीपावरचं आहे. अंदमानात तोच मासा आहे, पण पक्ष्यावर झेपावताना दिसेल असं मी कबूल करणार नाही. तो पृष्ठभागावर पाणी उडवत जाणाऱ्या पॉपरवर, म्हणजे तरंगत्या नकली आमिषावर, येतो. येतो तेव्हा पाणी एवढं उसळतं की पहिल्यांदा पाहणारा माणूस रीळ फिरवायचं विसरतो.

मग तारखा. पहिली मागणी नाताळची. नाही म्हणालो: वारा ईशान्येचा, पूर्वेकडचे चांगले खडक बंद, आणि बेटांवर पर्यटकांची झुंबड. दुसरी मागणी २६ जानेवारीच्या आसपासची. तेव्हा वारा किती उतरलेला असेल सांगता येत नाही. फेब्रुवारी उत्तम, पण दंतवैद्यांच्या मुलीची दहावी आहे. मार्चच्या अमावास्येला उधाण छान. मात्र १९ मार्चला गुढीपाडवा, आणि पाडव्याला घराबाहेर राहायला चौघांपैकी तिघांना घरून परवानगी नाही.

मी पंचांग उघडून बसलेलोच असतो. चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती, २ एप्रिल २०२६. गळ टाकायला दशमी ते पौर्णिमा, म्हणजे २८ मार्च ते २ एप्रिल, असे सहा दिवस. पाण्याची ओढ रोज थोडी थोडी वाढत जाते, आणि जीटी ओढ असलेल्या पाण्यात शिकार करतो. खडकाच्या टोकाशी प्रवाह आपटतो तिथे छोटे मासे गोंधळतात, आणि हा त्याच कडेला दबा धरून असतो. भांगाच्या दिवसांत पाणी थबकलेलं असतं, माणसं दिवसभर उन्हात पॉपर फेकून खांदे दुखवून घेतात आणि हाती काही येत नाही. ऐन पौर्णिमेला मासे रात्रीच पोट भरून घेतात असं माझ्या तांडेलाचं मत आहे. मलाही ते पटतं. म्हणून पौर्णिमा शेवटी येऊ द्यायची, तिच्यापासून सुरुवात करायची नाही.

सुट्ट्याही जमतात. ३१ मार्चला महावीर जयंती, ३ एप्रिलला गुड फ्रायडे. जायचा शुक्रवार धरून चार दिवसांच्या रजेत काम होतं. दोघांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. सीए काही बोलेना. मग म्हणाला, “अहो, एकतीस मार्चला मी बोटीवर? माझं ऑफिसच बुडेल.” त्याचं खरं होतं. त्याच्यासाठी एप्रिलच्या अमावास्येला जायचं, तर ती १७ तारखेला, म्हणजे बंदीच्या काळात. थोडा वेळ सगळे गप्प होते. शेवटी तोच म्हणाला की माझ्या जागी माझे काका जातील, गुहागरला असतात, आयुष्य गरवण्यात गेलंय त्यांचं. संध्याकाळी तुम्हीच त्यांच्याशी बोला.

सकाळी १०.३०

आता नकाशा. दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच, आणि त्याला मी कधीच घाई करत नाही.

आधी लाल पेन्सिल. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८३ पासून. हॅवलॉकजवळच्या रिची द्वीपसमूहातलं राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान, १९९६ पासून. दोन्हींत मासेमारी नाही. नॉर्थ सेंटिनलभोवती पाच सागरी मैलांचं वर्तुळ. तिथे लांबून बघायलाही जायचं नाही. दक्षिण आणि मध्य अंदमानचा पश्चिम किनारा जारवांचा राखीव प्रदेश, किनाऱ्यालगतच्या पाण्यासकट. या शेवटच्या दोन्हींना १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमाचा आधार आहे. गिऱ्हाइकांना वाटतं की मी हे पोलिसांच्या भीतीने सांगतो. भीती आहेच, परवाना जाईल. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या किनाऱ्यावरच्या माणसांना आपला साधा सर्दी-पडशाचा विषाणूही जीवघेणा ठरू शकतो, आणि ज्या माशांवर ते जगतात ते मासे आपल्या करमणुकीसाठी नाहीत. पश्चिमेचं पाणी कितीही शांत असलं तरी लाल रेघेच्या आत माझी बोट जात नाही, आणि तसा आग्रह धरणाऱ्या गटाचे पैसे मी परत करतो.

मग हिरवी पेन्सिल. हॅवलॉकच्या बाहेरच्या अंगाचे खडक, उद्यानाची हद्द सोडून. पोर्ट ब्लेअरच्या आग्नेयेला, भर समुद्रात पाण्याखाली दडलेला इन्व्हिजिबल बँकचा उथळ पट्टा. एखादा दिवस हवा अगदीच शांत मिळाली तर बॅरन बेट: भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटर. तिथे उतरायला परवानगी नाही. काळ्या उतारापासून थोड्या अंतरावर समुद्र एकदम खोल जातो आणि त्या कड्यावर दात असलेला डॉगटूथ ट्यूना असतो. पण बॅरनचं मी आधी कुणालाच नक्की सांगत नाही. तेवढं पेट्रोल, तेवढं अंतर आणि परतीच्या वाटेवर पालटणारं वारं. हा निर्णय त्या दिवशी पहाटे तांडेल घेतो, आणि तो नाही म्हणाला तर त्यावर चर्चा होत नाही.

सागरी नकाशातल्या खोलीच्या आकड्यांवर एक आणखी खूण करावी लागते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात ही बेटं जागेवर राहिली नाहीत. उत्तर अंदमानच्या बाजूला जमीन उचलली गेली, प्रवाळांचे पट्टे पाण्याबाहेर येऊन मेले. दक्षिणेकडे जमीन खचली, निकोबारचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेला. त्याआधीच्या नकाशात जिथे बोट जाईल असं दिसतं, तिथे आज तळ घासू शकतो. तांडेलाने वीस वर्षांत ते खडक पुन्हा नव्याने पाठ केलेत. २०१० च्या उष्ण उन्हाळ्यात पांढरा पडलेला प्रवाळ कुठे परत उभा राहिला आणि कुठे नुसता चुरा उरला, हेही त्याला माहीत आहे. मासे कुठे आहेत हे त्यावरच ठरतं. बोटीच्या पंख्याइतकंच मी त्याच्या स्मरणशक्तीचंही भाडं देतो, आणि त्यात घासाघीस करत नाही.

दुपारी १२.१५

नाशिकहून चौकशी: लक्षद्वीप का नको? जवळ आहे, पाणी निळंशार आहे. नको असं नाही. पण तिथे प्रत्येकाला प्रवेशाचा परवाना लागतो आणि राहायच्या जागा मोजक्या. बेटांवरच्या लोकांची मासेमारी म्हणजे बांबूच्या काठीने, जिवंत आमिष उधळत कुपा काढायचा. जाळं नाही, एका काठीला एका वेळी एक मासा. ते बघायला मी स्वतः पुन्हा पुन्हा जाईन. घरच्यांसह शांत सुट्टी आणि एखाद्या संध्याकाळी हातदोरी हवी असेल, तर त्यांना तिकडेच पाठवतो. मालदीवचंही तसंच: बोटीवर राहून प्रवाळांच्या कडेने फिरता येतं, शार्क पकडायला २०१० मध्ये पूर्ण बंदी घातली गेल्यामुळे पाण्यात शार्क भरपूर, आणि कधी कधी गळाला लागलेला अर्धा मासा तेच नेतात. ज्याला खांद्याचा कस लावून मोठ्या जीटीच्या मागे जायचंय, त्याने अंदमान. नाशिकच्या गृहस्थांबरोबर बायको आणि दोन लहान मुलं आहेत. त्यांना लक्षद्वीपच्या परवान्याची पद्धत सांगितली आणि माझं काम तिथे संपलं.

दुपारी १.३०

जेवण. पितृपक्ष आहे, आगाऊ रक्कम या पंधरवड्यात कुणी भरत नाही. २२ तारखेला घट बसले की पैसे येतील. तोवर बोट शब्दावर राखायची असते, आणि तांडेल ती शब्दावर राखतो.

दुपारी २.००

सामानाची यादी. देशांतर्गत विमानात बहुतेक ठिकाणी पंधरा किलो सामान आणि सात किलो हातातलं. एक मोठं रीळ आठ-नऊशे ग्रॅम. पॉपर सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा एक, असे दहा. खोल पाण्यातले धातूचे जिग दोनशे-तीनशे ग्रॅमचे, तेही दहा. दांड्यांची नळी. कपडे भरण्याआधीच वजन आठ किलोच्या घरात जातं. म्हणून चौघांनी चार पेट्या आणायच्या नाहीत. एकच सामाईक यादी, कुणी काय आणायचं ते वाटून दिलेलं. गळ, पक्कड, जिग हातातल्या पिशवीत नकोत, तपासणीत काढून घेतात. पॉवर बँक हातातच हवी, ती सामानात चालत नाही.

यादीच्या शेवटी जाडजूड अक्षरात: सर्व गळांचे काटे पकडीने दाबून आणायचे. तिहेरी गळ नको, एकेरी हवा. बिनकाट्याचा एकेरी गळ माशाच्या जबड्यातून क्षणात सुटतो, आणि माणसाच्या बोटात शिरला तरी तसाच सुटतो. बोटीवर जाड गळ कापणारी कात्री मी ठेवतोच. पोर्ट ब्लेअरचं गोविंद बल्लभ पंत रुग्णालय हॅवलॉकपासून काही तासांवर आहे, हे लक्षात ठेवून बाकीची प्रथमोपचाराची पेटी भरलेली असते. व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनेल, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक: दोन्ही बोटीच्या काचेवर चिकटवलेले.

दुपारी ३.३०

दंतवैद्यांचा मेहुणा ऑस्ट्रेलियाहून येतो म्हणतोय. त्याच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र आहे, डोंगरदऱ्यांत फिरणारे सगळे बाळगतात. त्याला लगेच लिहिलं: ते घरी ठेवा. भारतात परवानगीशिवाय उपग्रह फोन आणि तसली यंत्रं आणणं गुन्हा आहे, विमानतळावर माणसं पकडली गेली आहेत. पासपोर्ट परदेशी असेल तर कुठल्या बेटांवर मुक्काम करता येईल याचे नियम वेगळे. ते मी तिकिटं काढायच्या आठवड्यात ताजे तपासून कळवीन. तेवढ्यात त्याचा दुसरा प्रश्न: शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून? अजिबात नाही. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वाघाच्या रांगेत आहे. जायंट ग्रूपर, देवमाशाएवढा वाढणारा व्हेल शार्क, हेही तसेच संरक्षित. ग्रूपर चुकून लागला तर तो बोटीत न घेता पाण्यातच सोडायचा.

सायंकाळी ५.००

दोघे पुण्याहून आलेत. इमारतीच्या गच्चीवर दांडी, रीळ आणि ताणकाटा. मी दोरी कठड्याला बांधतो आणि त्यांना म्हणतो, रिळाचा ब्रेक दहा किलोवर लावा आणि दांडी वाकवून उभे राहा. अर्ध्या मिनिटात एकाचे हात थरथरायला लागतात. जागतिक विक्रम म्हणून नोंद झालेला जीटी ७२.८ किलोचा, २००६ मध्ये जपानच्या कागोशिमाकडे लागलेला. आपल्याला वीस-पंचवीस किलोचा लागला तरी तो पहिल्या काही सेकंदांत खडकाकडे धावतो, आणि तिथे पोचला की दोरी कापली जाते. ब्रेक सैल ठेवला तर मासा तोंडात पॉपर घेऊन, तुटलेली दोरी ओढत जगतो किंवा मरतो. त्यामुळे ताकद कमवणं ही माझ्या लेखी माशाविषयीची जबाबदारी आहे. सहा महिने आहेत. रोज दोरीउड्या, पाठीचे व्यायाम, आणि आठवड्यातून दोनदा दांडी घेऊन नुसतं फेकण्याचा सराव.

मग गाठ. विणलेली दोरी आणि जाड तंगूस जोडणारी एफजी गाठ. वीस वेढे, प्रत्येक वेढा आवळून. एकाची गाठ पहिल्याच ओढीला निसटली, दुसऱ्याची टिकली. दोघांना घरी पन्नास गाठी मारायला सांगितल्या. बोटीवर हलत्या फळीवर, खारट ओल्या बोटांनी हीच गाठ दोन मिनिटांत मारावी लागते.

सायंकाळी ७.१०

गुहागरचे काका. आवाज खणखणीत.

“पुतण्या म्हणतो तुम्ही अंदमानास नेताय. दर्या माहीत आहे मला. पण त्या यंत्राच्या रिळानं मी कधी गरवलेलं नाही, सांगून ठेवतो.”

“काका, तुम्ही हातदोरीनंच गरवा. खोल पाण्यात शिसं सोडून तांबोशी, हेकरू. तांडेलालाही ते आवडेल, तो स्वतः तसंच गरवतो.”

“भरती कधीची आहे तिथं? आमच्याकडं तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ आली. एकादशीला सव्वाआठ.”

“तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, काका. तिकडे वेळा निराळ्या, सर्व्हे ऑफ इंडियाचा तक्ता बघावा लागतो. आणि पाणीही आपल्यासारखं चढत नाही. मुंबईला उधाणात चार-पाच मीटरचा फरक, तिथे दोनच्या आसपास.”

“दोनच? मग ओढ कसली?”

“बेटांच्या मधल्या अरुंद वाटांत आणि खडकांच्या टोकांना ओढ असते. बघाल तुम्ही.”

ते थोडं थांबले. मग खरी अडचण बाहेर आली. “आणि ऐकतोय ते खरं का, की मासा धरायचा नि परत सोडायचा? मग गरवायचं कशाला हो?”

या प्रश्नाला मी कधी गुळगुळीत उत्तर देत नाही. त्यांना सांगितलं: जीटी मोठा व्हायला वर्षं लागतात, वीस वर्षांहून जास्त जगतो. एका खडकावर असे मोठे मासे थोडेच असतात. आपण दर वर्षी माणसं नेतो; चार मोठे काढून आणले तर पुढच्या वर्षी तो खडक ओसाड. म्हणून जीटी सगळे सोडायचे. हात ओले करून, आडवा धरून, पाण्याबाहेर जेमतेम फोटोपुरता, आणि डोकं आधी पाण्यात. गाफ, म्हणजे मासा टोचून वर ओढायचा आकडा, बोटीवर नाहीच. “पण जेवणाला एखादी सुरमई किंवा मध्यम तांबोशी ठेवू, लॉजच्या स्वयंपाकघरात देऊ. त्या दिवशी खायची तेवढीच.”

काका म्हणाले, “आमच्याकडंही पूर्वी गाभोळीचा मासा बघून सोडणारे म्हातारे होते. आता सगळं जाळ्यात. बरं. पटलं.” मग त्यांनी विचारलं की सेल्युलर जेल बघायला मिळेल का. मिळेल: ३ एप्रिलचा दिवस मी राखीव ठेवलाय. हवेमुळे सहापैकी एखादा दिवस वाया गेला तर गरवायला, नाहीतर जेल. काका म्हणाले, हवा चांगली राहिली तर दोन्हीचं समाधान.

रात्री ९.१५

गटाला शेवटचं पत्रक. २७ मार्चला प्रस्थान. सकाळचं विमान, कारण तिथे साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि दुपारनंतर पोचलेल्या माणसाला हॅवलॉकची फेरी मिळत नाही. २८ मार्च ते २ एप्रिल बोट: पहाटे साडेपाचला निघायचं, तीनला धक्क्यावर परत. चौघांपैकी एका वेळी दोघेच नाळेवरून फेकणार, तिसरा मागून, चौथा विश्रांती. तिसरा दिवस हलका, खोल पाण्यातलं जिगिंग, खांद्यांना उसंत. ऑस्ट्रेलियाच्या पाहुण्यासाठी या बोटीत पाचवी जागा नाही. त्यांना यायचंच असेल तर एखाद्याने दोन दिवस किनाऱ्यावर थांबायची तयारी दाखवावी लागेल. हे दंतवैद्यांनी घरी ठरवावं. निम्मी रक्कम घटस्थापनेला, उरलेली फेब्रुवारीअखेर. तांडेलाने वाऱ्यामुळे बोट काढली नाही तर त्या दिवसाचं पेट्रोल परत मिळेल, बोटीचं भाडं नाही; त्याचं घर त्या भाड्यावर चालतं. मासा मिळेलच असं या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही, ते सर्वांनी वाचून हो कळवावं.

पहिला होकार काकांचाच आला, पुतण्याच्या फोनवरून. त्याखाली एक ओळ: बोटीवर जाड तंगूस मिळेल की इथून आणू? तांडेलाला विचारलं. तो अजून जागा होता. त्याने कळवलं, आणू नका, माझ्याकडे रीळभर आहे, शिसंही आहे; फक्त ते गळ कुठल्या आकाराचे वापरतात तेवढं विचारून ठेवा.